स्टोरेज अ‍ॅरे घेण्याआधी तो आतून कसा तपासायचा

स्टोरेज अ‍ॅरे म्हणजे अनेक ड्राइव्ह एकत्र ठेवून सर्व्हरना साठवणूक पुरवणारी पेटी. तिच्या कोटेशनमध्ये सगळ्यात वर टेराबाइट असतात, त्याखाली आयओपीएस, म्हणजे सेकंदाला होणारे रीड-राइट, आणि तळाला किंमत. या तीन आकड्यांवर चार कंपन्यांची तुलना करून खरेदी समिती मोकळी होते. पण सगळं सुरळीत असताना कुठलाही अ‍ॅरे चांगलाच चालतो. पैसे मोजायचे ते एखादा भाग उडाल्यावरही काम चालू राहावं म्हणून, आणि त्याबद्दल त्या कागदावर जवळजवळ काहीच नसतं.

हे लिहितोय ते सहकारी बँक, रुग्णालय, कारखाना किंवा विद्यापीठाचा आयटी विभाग सांभाळणाऱ्यांसाठी. म्हणजे दोन कंट्रोलरचा (ड्राइव्हचा कारभार पाहणारे आतले संगणक), मध्यम आकाराचा अ‍ॅरे घेणाऱ्यांसाठी. पद्धत सोपी आहे. सर्व्हरकडून निघालेल्या एका राइटचा, म्हणजे डेटा लिहिण्याच्या मागणीचा, पाठलाग करायचा: पोर्ट, कंट्रोलर, कॅशे (कंट्रोलरची वेगवान मेमरी), मागच्या केबली, ड्राइव्ह. प्रत्येक टप्प्यावर विक्रेत्याला एकच विचारायचं, "हा भाग या क्षणी गेला तर माझा डेटा कुठे आहे आणि पुढचं काम कोण करणार?"

आधी आपला लोड मोजा

अ‍ॅरेकडे वळण्यापूर्वी आपल्या सर्व्हरवर निदान महिनाभराची मोजणी हवी, आणि त्यात महिनाअखेर यायलाच हवी. बँकेत ३१ मार्च सापडला तर उत्तमच. विंडोजवर परफमॉन आणि लिनक्सवर आयओस्टॅट ही मोजणीची साधनं एवढ्या कामाला पुरतात. चार गोष्टी टिपायच्या: सेकंदाला किती रीड-राइट होतात, त्यांचं आपसांतलं प्रमाण काय, एका व्यवहाराचा आकार किती आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात.

आकाराकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. डेटाबेस साधारण ८ केबीचे तुकडे मागतो, तर बॅकअप एका वेळी २५६ केबी किंवा त्याहून मोठे. माहितीपत्रकातले लाखो आयओपीएस बहुतेक वेळा ४ किंवा ८ केबीच्या रीडचे असतात, आणि तेही कॅशेतून मिळालेले. तुमच्याकडे ७० टक्के रीड आणि ३० टक्के राइट असतील तर तेच प्रमाण आणि तोच आकार लेखी देऊन आकडा मागा. मिळणारा आकडा बराच खाली आलेला असेल, आणि खरा तोच.

पेटी मागच्या बाजूने बघा

समोरून सगळे अ‍ॅरे सारखेच दिसतात. दोन यू (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप) उंचीत २४ किंवा २५ लहान ड्राइव्ह उभे, नाहीतर साडेतीन इंची १२ आडवे. खरी रचना मागे असते: दोन कंट्रोलर, वर-खाली किंवा शेजारी-शेजारी, प्रत्येकाचे स्वतःचे पोर्ट, आणि दोन पॉवर सप्लाय. पुढचे ड्राइव्ह आणि मागचे कंट्रोलर यांच्यामध्ये मिडप्लेन नावाची पाटी असते. दोन्ही बाजूंचे कनेक्टर तिच्यातच घुसतात.

या पेटीत जोडी नसलेला मोठा भाग हाच. चांगल्या रचनेत मिडप्लेनवर चालती चिप ठेवत नाहीत, नुसते तांब्याचे मार्ग आणि कनेक्टर असतात, म्हणून तो सहसा बिघडत नाही. त्याला इजा होते ती माणसाच्या हातून. कंट्रोलर तिरका घुसवला की पिन वाकते आणि मग अख्खी पेटी बदलावी लागते. म्हणून कंट्रोलर बदलताना कनेक्टरमध्ये टॉर्च मारून पाहणारा इंजिनियर आला, तर त्याचं नाव पुढच्या कॉलसाठी लिहून ठेवावं.

जोडी नसलेली दुसरी गोष्ट म्हणजे फर्मवेअर, कंट्रोलर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर. दोन्ही कंट्रोलरवर एकच आवृत्ती चालते, त्यामुळे तिच्यातली चूकही दोघांत असते. नवी आवृत्ती आल्या आल्या चढवणाऱ्यांपैकी मी नाही.

दोन कंट्रोलर म्हणजे दुप्पट ताकद नव्हे

'अ‍ॅक्टिव्ह-अ‍ॅक्टिव्ह' हा शब्द विक्रेते सढळ हाताने वापरतात. त्याखाली तीन वेगळ्या रचना लपतात. एकीत कुठलाही व्हॉल्यूम (सर्व्हरला दिलेला साठवणुकीचा भाग) दोन्ही कंट्रोलरमधून सारख्याच वेगाने चालतो. दुसरीत प्रत्येक व्हॉल्यूमचा मालक एक कंट्रोलर असतो. दुसऱ्याच्या पोर्टवर मागणी आली तर ती आतल्या जोडणीवरून मालकाकडे जाते आणि थोडा वेळ जास्त लागतो. मध्यम अ‍ॅरेंत ही रचना फार दिसते. तिला अलुआ म्हणतात, आणि जवळचा मार्ग कुठला हे सर्व्हरवरचं मल्टिपाथ, म्हणजे अ‍ॅरेकडचे अनेक मार्ग सांभाळणारं, सॉफ्टवेअर त्यामुळेच ओळखू शकतं. तिसरीत पोर्ट दोघांचे चालू असतात, पण ड्राइव्हपर्यंतचं खरं काम एकच कंट्रोलर करतो आणि दुसरा तयारीत थांबलेला असतो. प्युअर स्टोरेजचा फ्लॅशअ‍ॅरे असा आहे.

तिसरी रचना ऐकायला उधळपट्टी वाटते, अर्धा अ‍ॅरे रिकामा बसलाय असं. पण हिशोब करा. पहिल्या दोन रचनांत दोन्ही कंट्रोलर ७० टक्के लोडवर चालत असतील आणि त्यातला एक गेला, तर उरलेल्यावर १४० टक्के येतात. तो मरत नाही, पण रांग इतकी वाढते की शाखांमधून फोन सुरू होतात. तिसऱ्या रचनेत एकटा कंट्रोलर किती ओढतो तेच तुम्ही रोज पाहत असता, त्यामुळे तो गेल्यावर वेग फारसा पडत नाही. पहिल्या दोन प्रकारांत ही शिस्त आपणच पाळायची. प्रत्येक कंट्रोलरचा लोड गर्दीच्या वेळीही ४५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये, आणि कोटेशनमध्ये 'एका कंट्रोलरवर आयओपीएस किती' अशी वेगळी ओळ मागावी. ती ओळ द्यायला टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते समजा.

कॅशे: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

ईएमसीने १९९० मध्ये पहिला सिमेट्रिक्स बाजारात आणला तो एका युक्तीवर. लहान, स्वस्त डिस्कची रांग आणि तिच्यापुढे मोठी कॅशे. त्याची क्षमता २४ जीबी होती. आज ती मोबाइलच्या कार्डातही मावते, पण युक्ती बदललेली नाही. राइट आला की तो कंट्रोलरच्या मेमरीत ठेवायचा, सर्व्हरला 'लिहिलं' म्हणून सांगून मोकळं व्हायचं आणि ड्राइव्हवर सावकाश उतरवायचा. सर्व्हरला उत्तर मिलिसेकंदाच्या आत मिळतं.

म्हणजे काही काळ अ‍ॅरेने पोच दिलेली असते आणि डेटा मात्र वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत असतो. म्हणून पोच देण्याआधी तोच राइट दुसऱ्या कंट्रोलरच्या मेमरीतही नकलला जातो. एकाच पेटीतले कंट्रोलर बहुधा पीसीआय एक्सप्रेस या संगणकाच्या आतल्या वेगवान जोडणीवरून थेट ही नक्कल करतात. '५१२ जीबी कॅशे' वाचताना हे लक्षात ठेवा. ते दोघांचे मिळून असतात, म्हणजे प्रत्येकी २५६. त्यातला एक वाटा अ‍ॅरेची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम खाते. राइटचा भाग दोन्हीकडे तोच असल्यामुळे तो एकदाच मोजायचा.

आता वीज गेली तर? जुन्या अनेक कंट्रोलरमध्ये बॅटरी मेमरीला ७२ तासांपर्यंत जिवंत ठेवायची आणि तेवढ्यात वीज येईल अशी आशा असायची. आता बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर फक्त कॅशेतला डेटा आतल्या फ्लॅशवर उतरवण्यापुरती ताकद देतो. ३२ जीबी राइट डेटा अडकला असेल आणि फ्लॅश सेकंदाला ५०० एमबी लिहीत असेल, तर ६४ सेकंद लागतात. एवढं झालं की पेटी आठवडाभर बंद राहिली तरी डेटा सुरक्षित. विक्रेत्याला हाच हिशोब त्याच्या आकड्यांनी करून मागा: कॅशे किती, फ्लॅशचा वेग किती, बॅटरी किती मिनिटं टिकते, आणि तीन वर्षं वापरलेली बॅटरी किती टिकते.

बॅटरी थकली की अ‍ॅरे शहाणपणाने राइट कॅशे बंद करतो आणि प्रत्येक राइट थेट ड्राइव्हवर लिहून मगच पोच देतो. फिरत्या डिस्क असतील तर मिलिसेकंदाच्या आतलं उत्तर दहा-पंधरावर जातं. 'अ‍ॅरे अचानक स्लो झाला' अशी तक्रार आली की नेटवर्कवाल्याला हाक मारण्याआधी बॅटरीची स्थिती बघा. काही अ‍ॅरे बॅटरी मुद्दाम रिकामी करून पुन्हा भरतात, तिची ताकद मोजण्यासाठी. हे चक्र भर कामाच्या वेळी सुरू होत नाही ना, तेही सेटिंगमध्ये पाहून ठेवा.

आणि एक प्रश्न जो क्वचितच विचारला जातो. एक कंट्रोलर गेल्यावर उरलेल्याला नक्कल ठेवायला जोडीदार नाही. मग तो राइट कॅशे चालू ठेवतो की बंद करतो? चालू ठेवली तर दुसऱ्या बिघाडात पोच दिलेला डेटा जाऊ शकतो. बंद केली तर दुप्पट लोड आणि वर कॅशे नाही, अशी दुहेरी कोंडी. काही अ‍ॅरेंनी यावर वाट काढली आहे. फ्लॅशअ‍ॅरे एक्सच्या पेटीत वीज गेल्यावरही टिकणारी मेमरी, म्हणजे एनव्हीरॅम, कंट्रोलरमध्ये नसून पेटीच्या पुढच्या खाचांत असते आणि दोन्ही कंट्रोलरना दिसते. कंट्रोलर गेला तरी ती जागेवरच राहते. मला ही रचना जास्त पटते, पण तिची किंमत मोजावी लागते.

मागची वाट: केबली आणि लेन

एसएएस ही ड्राइव्ह जोडण्याची एक पद्धत. तिच्या चौपदरी पोर्टवर प्रत्येक पदर १२ गिगाबिटचा. एन्कोडिंग (पाठवताना लागणारे ज्यादा बिट) वजा जाता सेकंदाला ४.८ जीबी मिळतात. फिरत्या डिस्कच्या शेल्फला, म्हणजे नुसत्या ड्राइव्हच्या जोडपेटीला, हे भरपूर झालं. पण एक एसएएस एसएसडी सेकंदाला १ जीबी सहज वाचून देतो, म्हणजे पाच एसएसडींतच पोर्ट भरला. त्याच साखळीत आणखी दोन शेल्फ एसएसडी जोडून वेग तिप्पट होईल, असं कुणी म्हणालं तर हा गुणाकार समोर ठेवा.

एनव्हीएमई पेटीत, म्हणजे थेट पीसीआय एक्सप्रेसवर चालणाऱ्या एसएसडींच्या पेटीत, गणित लेनचं, म्हणजे त्या जोडणीच्या पदरांचं असतं. २४ ड्राइव्ह, प्रत्येकाच्या चार लेन, त्यातल्या दोन एका कंट्रोलरकडे आणि दोन दुसऱ्याकडे. म्हणजे प्रत्येक कंट्रोलरला ४८ लेन फक्त ड्राइव्हसाठी. शिवाय पुढच्या पोर्टची कार्डं आणि जोडीदाराकडची नक्कल. इंटेलच्या आइस लेक झिऑनच्या एका प्रोसेसरला ६४ लेन मिळतात, त्यामुळे मध्ये पीसीआय स्विच घालून वाटणी करावी लागते. वाटणी किती ओढाताणीची आहे ते विचारा.

शेल्फ एकापेक्षा जास्त असतील तर केबली कशा जोडल्यात ते स्वतः बघा. पहिल्या कंट्रोलरची साखळी वरून खाली आणि दुसऱ्याची खालून वर, ही योग्य पद्धत. दोन्ही वरूनच खाली आल्या असतील तर मधला शेल्फ बंद पडताच त्याखालचे सगळे शेल्फ दोघांनाही दिसेनासे होतात. उलट दिशेने जोडलेले असतील तर फक्त तो एकच शेल्फ जातो. केबलींची संख्या तेवढीच, खर्चही तेवढाच.

केबल ही क्षुल्लक गोष्ट वाटते त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या करखात्याचं उदाहरण. २०१६ च्या डिसेंबरात त्यांचा एचपीईचा थ्रीपार अ‍ॅरे कोसळला आणि देशाची करसेवा ठप्प झाली. २०१७ मध्ये खात्याने अहवाल जाहीर केला. फायबर केबलींवर आलेला ताण हे त्यातलं एक कारण होतं. अ‍ॅरेची मांडणी टिकाऊपणापेक्षा वेगाकडे झुकलेली होती, आणि यंत्रणा पूर्ववत करायची साधनं त्याच अ‍ॅरेवर ठेवलेली होती. तेव्हा केबलीला पुरेशी सैल वळणं, दोन्ही टोकांना लेबल, आणि अ‍ॅरेची कॉन्फिगरेशन फाइल त्या अ‍ॅरेबाहेर. तिसरी गोष्ट आजच करता येईल.

ड्राइव्ह आणि रेड

७,२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे घेणारी, डिस्क एक फेरा ८.३ मिलिसेकंदात पूर्ण करते. हवा तो भाग डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२. डोकं जागेवर न्यायला आणखी आठेक. एकूण बारा मिलिसेकंद, म्हणून सेकंदाला फार तर ८० इकडचेतिकडचे व्यवहार. १०,००० आरपीएमला हाच आकडा १४० च्या आसपास जातो. फिरणाऱ्या तबकडीकडून याहून जास्त कुठलंही सॉफ्टवेअर काढू शकत नाही.

त्यावर रेडचा कर. रेड म्हणजे डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून तो अनेक डिस्कवर पसरवण्याची पद्धत. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडचे पाच स्तर मांडले. सहावा नंतर आला. लहान राइटसाठी रेड १० मध्ये (प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती) मागे दोन व्यवहार होतात, रेड ५ मध्ये (गटातली एक डिस्क गेलेली चालते) चार आणि रेड ६ मध्ये (दोन गेलेल्या चालतात) सहा. समजा तुमचा लोड ५,००० आयओपीएस, ७० टक्के रीड. रेड ६ वर मागचा लोड होतो ३,५०० अधिक १,५०० गुणिले ६, म्हणजे १२,५००. त्याला १०,००० आरपीएमच्या ९० डिस्क लागतात. रेड १० वर तोच लोड ६,५०० आणि डिस्क ४७. कॅशेत लहान राइट गोळा होऊन पूर्ण पट्टा (गटातल्या सगळ्या डिस्कवर पसरलेली एक ओळ) एकदम लिहिला गेला तर हा कर बराच कमी होतो, पण हिशोब वाईट दिवसाचा करायचा. एसएसडीमुळे आयओपीएसची ही चिंता पुष्कळ मिटली आहे. तिथे बघायचं ते रोज पूर्ण क्षमतेच्या किती पट लिहिणं हमीत बसतं.

रेड ५ मात्र मोठ्या डिस्कवर घेऊच नका. एक डिस्क गेल्यावर तिच्या जागची १६ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीने पुन्हा भरायला, दुसरं काही काम नसताना, जवळजवळ ३० तास लागतात. काम चालू असेल तर कितीतरी जास्त. आठ डिस्कच्या गटात तेवढ्या वेळात उरलेल्या सात पूर्ण वाचाव्या लागतात, म्हणजे ११२ टीबी. अशा डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या बिटचं प्रमाण १०^१५ बिटांत एक असं लिहितात, म्हणजे १२५ टीबीला एक. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या वागतात. तरीही रेड ५ मध्ये त्या वेळी दुसरा आधारच नसतो. वाटलेला रेड मिळत असेल तर तो घ्या. त्यात राखीव जागा सगळ्या ड्राइव्हवर पसरलेली असते, त्यामुळे पुनर्भरणीचं लिहिणं एकाच डिस्कवर न अडता सगळ्यांत वाटलं जातं.

बाजारातली डिस्क आणून खाचेत घातली तर बहुधा चालत नाही, याचं खापर नेहमी विक्रेत्याच्या लोभावर फुटतं. तो असतोच, पण तेवढंच कारण नाही. बऱ्याच अ‍ॅरेंत सेक्टर ५१२ ऐवजी ५२० बाइटचा असतो. ज्यादा ८ बाइटमध्ये चेकसम (डेटा बदलला का ते पडताळणारा आकडा) आणि पत्ता ठेवतात, म्हणजे डेटा चुकीच्या जागी लिहिला गेला तर वाचताना पकडता येतो. आणि ड्राइव्हला दोन पोर्ट लागतात, एकेका कंट्रोलरसाठी एकेक. साध्या साटा डिस्कला एकच असतो.

क्षमतेचा खरा आकडा

७.६८ टीबीचे २४ ड्राइव्ह म्हणजे कागदावर १८४ टीबी. दोन राखीव काढले, २२ उरले. ९ अधिक २ अशा रेड ६ च्या दोन गटांत डेटाचे १८. ड्राइव्हवाला टीबी दशमान पद्धतीने मोजतो आणि तुमचा सर्व्हर द्विमानाने, त्यामुळे प्रत्येकाचे ६.९८ होतात. एकूण १२५ च्या आसपास. त्यात २० टक्के जागा मोकळी ठेवायची, कारण काठोकाठ भरलेला अ‍ॅरे स्लो होतो. हातात आले शंभर.

वर 'चारास एक' आकुंचनाची, म्हणजे चार टीबी डेटा एका टीबीत मावेल अशी, हमी असते. डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशिन चांगले आकसतात. सीसीटीव्हीचं चित्रण, आधीच दाबलेल्या प्रतिमा आणि एन्क्रिप्ट केलेल्या फाइली जवळजवळ अजिबात नाहीत. रुग्णालयांनी इथे विशेष सावध राहावं. हमी लेखी असेल तर प्रमाण न गाठल्यास ज्यादा ड्राइव्ह फुकट मिळतील असं वाक्य त्यात हवं.

पुढचे पोर्ट

फायबर चॅनेल, म्हणजे स्टोरेजसाठीचं खास नेटवर्क, असेल तर दोन वेगळे स्विच, प्रत्येक सर्व्हरची दोन कार्डं, प्रत्येक कंट्रोलरचा किमान एक पोर्ट प्रत्येक स्विचवर. ३२ गिगाबिटचा पोर्ट एका दिशेने सेकंदाला सुमारे ३.२ जीबी नेतो. साध्या इथरनेटवर चालणारं आयस्कझी किंवा एनव्हीएमई ओव्हर टीसीपी घेतलं तर स्टोरेजचे स्विच ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवा.

वीज, वजन आणि गॅस

दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या पीडीयूंवर (रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्ट्या), आणि ते पीडीयू दोन वेगळ्या यूपीएसवर. रॅकमागे जाऊन वायर हाताने मागोवा घेत बघा. दोन्ही एकाच पट्टीत खोचलेले असणं हा इतका नेहमीचा प्रकार आहे की वेगळे सापडले तर मलाच आश्चर्य वाटतं.

साठ ड्राइव्हची चार यू पेटी भरल्यावर शंभर किलोच्या आसपास जाते. ती रॅकच्या तळाला, रिकामी चढवायची, मग ड्राइव्ह घालायचे.

आग विझवणाऱ्या गॅसची चाचणी घ्यायची असेल तर फिरत्या डिस्कचा विचार करा. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये अशी चाचणी चालू असताना गॅस सुटतानाच्या प्रचंड आवाजानेच डिस्क निकामी झाल्या, आणि बँकेच्या सेवा काही तास बंद पडल्या.

ताब्यात घेण्याआधी

खरा डेटा चढवण्यापूर्वी, विक्रेत्याचा इंजिनियर समोर असताना, खोटा लोड चालू ठेवून एकेक भाग ओढायचा. हे खरेदी आदेशातच लिहून घ्या, नंतर कुणी तयार होत नाही. आधी एक फायबर केबल. मग एका पीडीयूचा स्विच. मग एक ड्राइव्ह, आणि पुनर्भरणी संपेपर्यंतचा वेळ घड्याळाने मोजायचा. मग चालता कंट्रोलर सरळ बाहेर. या वेळी सर्व्हरवर किती सेकंद व्यवहार थांबले ते टिपा. लिनक्समध्ये एससीएसआय कमांडची, म्हणजे डिस्कला दिलेल्या आज्ञेची, मूळ मुदत ३० सेकंद असते. थांबा त्याच्या जवळ गेला तर विक्रेत्याने सांगितलेली मल्टिपाथ सेटिंग सर्व्हरवर घातलीच गेली नाही, अशी शंका घ्यायला जागा आहे. शेवटी दोन्ही पीडीयू एकदम बंद, दहा मिनिटांनी चालू, आणि लिहिलेल्या फाइलींचे चेकसम जुळवून पाहायचे. कॅशे फ्लॅशवर उतरली की नाही याचा दुसरा पुरावा नाही.

सगळं जुळलं तरी सही करण्याआधी करारात दोन ओळी शोधा. नादुरुस्त ड्राइव्ह परत न देता आपल्याकडेच नष्ट करण्याची मुभा, कारण त्यावर ग्राहकांचा डेटा असतो. आणि चौथ्या-पाचव्या वर्षाच्या एएमसीचा दर, बॅटरी बदलण्यासकट, आजच ठरवलेला.